मामाच्या हातातला करंट

करंटचा विषय काढलाच हाय, तर आमच्या ताडकळसच्या मामाचं ऐका. हरभऱ्यात रानडुकरं शिरायली म्हणून त्यानं शेताभोवती झटका मशीनची तार ओढली. त्यानं जनावर मरत न्हाई, पण तारेला हात लागला की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात.

मामाच्या लेकीचं लग्न नुकतंच जमलेलं. सेलूचे व्याही शेत बघायला आले, मीबी सोबत होतो. मामा म्हणाला, "आपल्या अंगाला करंट लागत न्हाई, पाहुणे. बगा." अन् त्यानं तार सरळ मुठीत धरली. चेहऱ्यावर कायबी फरक न्हाई. व्याही बघतच राहिले. मामाच्या पायात जाड रबरी चप्पल होती, त्यामुळं करंटला जमिनीत उतरायला वाटच नव्हती. पण सोयऱ्यासमोर मामाची इज्जत कशाला घालवायची, म्हणून मी गप्प बसलो.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. रानाला नुकतंच पाणी दिलेलं, अन् ही अनवाणी. मामानं तार काही सोडली न्हाई. दुसरा हात ऐटीत पुढं करून त्यानं मामीच्या हातातला स्टीलचा गिलास धरला, अन् करंटला वाट सापडली. दोघंबी एकदमच उडाली. चहा सगळा मामाच्या धोतरावर.

व्याही मान खाली घालून हसू दाबायले. मामीनं हात झटकला, पदर सावरला अन् व्याह्यांना शांतपणे म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, भाऊ. ह्यांच्या हातात करंट हाय, हे मला आजच कळलं."