साठ मैल कच्चा रस्ता आणि एक पाटा

...नाही, नाही, हसा! खुशाल हसा! ड्राइव्हवेत ती पांढरी पेटी उभी आहे ना चाकांवर, एका अंगाने चेपलेली, तिच्याकडे बघून दोन तासांत अकरा जणांनी मला म्हटलंय, "काय एकनाथराव, ट्रेलर घेतलात! मजा आहे बुवा!" मजा? अहो, मजा कसली? ती पेटी गाडीला बांधून आम्ही ॲरिझोनाच्या ओसाडीत साठ मैल कच्च्या रस्त्याने गेलो, आणि कशामुळे गेलो? तर हा बघा, हा गुरुदत्त, कोपऱ्यात बसून माझ्याच घरच्या चकल्या खातोय, खा बाबा खा... या माणसाच्या तीन शब्दांमुळे! मी विचारलं, "गुरुदत्त, तिथे रस्ता कसा आहे?" तर म्हणतो, "रस्ता आहे ना!"

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी हौसेने गेलो. नाना आत आमच्या सीमाबरोबर नकाशा पसरून बसलेत, म्हणून जरा हळू बोलतो. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, त्र्यंबकराव, साताऱ्याला चौतीस वर्षं भूगोल शिकवला. गेल्या वर्षी आई गेली. मी त्यांना मार्चमध्ये इकडे डेट्रॉइटजवळ, ट्रॉयला आणलं, म्हटलं आता कायमचे इथेच राहा. तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर साताऱ्याच्या बँकेचं कॅलेंडर लागलं, आणि रोज सकाळी दात घासून झाले की एका तारखेवर फुली! सप्टेंबरचं परतीचं तिकीट कोटाच्या आतल्या खिशात, चोवीस तास, घरात हीटर चालू असला तरी कोट अंगात! आणि एप्रिल संपायच्या आत मला म्हणतात, "एकनाथ, सप्टेंबर कशाला? जूनचं मिळतंय का बघ." मी म्हटलं, "का नाना?" तर म्हणतात, "अरे, मी इथे करू काय? भाजी आणायची तर गाडी लागते, गाडी तू चालवतोस. चहा सूनबाई करते. शेजारी 'हाय' म्हणतो आणि दार लावून घेतो. माझी इथे कुणाला गरज नाही रे."

लागलं हो मला ते. तिकडे दोन खोल्यांत एकटा माणूस, पडले-झडले तर मला कळणार कधी? आठ दिवसांनी, पत्राने! मी नंदाला, आमच्या हिला म्हटलं, काहीतरी करायला पाहिजे. आणि मग आठवलं, ग्रँड कॅनियन! चौतीस वर्षं नानांनी फळ्यावर खडूने ती दरी काढली, 'नदीचे क्षरणकार्य', दर वर्षी, आठवीच्या चार तुकड्यांना, न बघता! म्हटलं ती एकदा डोळ्यांनी दाखवू, कदाचित मन रमेल... आणि ही गोष्ट मी या गुरुदत्ताला सांगितली. बस्स! "दक्षिणेकडून काय जातोस यार, तिथे गर्दी, आणि नदी धड दिसतच नाही. उत्तरेच्या काठावर एक जागा आहे, टोरोवीप, उभं राहिलं की तीन हजार फूट सरळ खाली नदी!" मी म्हटलं, हॉटेल? म्हणे नाही. पाणी? नाही. माणसं? नाही. रस्ता? "रस्ता आहे ना!"

म्हणून ट्रेलर! सेकंडहँड! आणि मंडळात बातमी फुटली. तुम्हाला सांगतो, आपल्या माणसाला कुठे जातोय हे कधी सांगू नये! "जाताच आहात तर एवढं लास वेगासला पद्मजाला द्या ना." काय आहे? पाटा-वरवंटा! साताऱ्याहून बोटीने आलेला, खरा दगडी! "जाताच आहात तर लॉस एंजेलिसला अतुलला तबला." अहो, लॉस एंजेलिस कुठे, आम्ही कुठे! "मग काय, तिकडेच ना?" तिकडेच! यांच्या लेखी शिकागो ओलांडलं की सगळं तिकडेच! एक शिवणयंत्र, दोन बरण्या लोणचं, दिवाळी अंकांचा गठ्ठा, वर नंदाचा पन्नास पौंड तांदूळ, कणीक, तीन कुकर. मी म्हटलं, "तीन?" "अहो, एक भाताचा, एक वरणाचा, आणि एकाची शिट्टी बिघडली तर?" आणि ठेवायचं कुठे? पुढे नानांचा बिछाना, त्यांच्या डोक्याशी काही नको. मग सगळं मागे! पाटा अगदी मागे, खिडकीखाली!

आणि मी काय करतो? अठरा वर्षं डेट्रॉइटात मोटारींच्या स्प्रिंगा डिझाइन करतो! वजन कुठे पडावं यावर माझे रिपोर्ट आहेत, चाळीस-चाळीस पानी! पण घरच्या सामानाला कोण रिपोर्ट लावतो हो? आयोवातच ट्रेलर शेपूट हलवायला लागला. ट्रक शेजारून गेला की हा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे... नंदा म्हणाली, "अहो, हे असं का होतंय?" मी म्हटलं, "वारा आहे." नेब्रास्कात म्हटलं, "वारा आहे." युटामध्ये झाडाचं पान हलत नव्हतं, तरी म्हटलं, वारा आहे!

मग डांबर संपलं. संपलं म्हणजे काय, पुसल्यासारखं संपलं. पुढे लाल माती आणि मातीवर आडव्या लाटा, पन्हळी पत्र्यासारख्या, साठ मैल! दात दातावर, कुकर कुकरावर, मागून तबला आपोआप वाजतोय! सीमा बारा वर्षांची, ती मागे बघून म्हणते, "डॅड, द ट्रेलर इज कमिंग टू पास अस." नाना खिडकीबाहेर बघतायत, हात कोटाच्या खिशावर. दहा मैलांवर थांबलो, नंदाने दह्याचा डबा उघडला तर वर लोण्याचा गोळा तरंगतोय! ट्रॉयहून जपून आणलेलं विरजण! ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "रस्ता आहे ना?" अस्सा राग आला मला या गुरुदत्ताचा!

आणि चाळिसाव्या मैलावर, एका कोरड्या ओढ्यात, वाळूत, गाडी रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, मागची चाकं गरागरा फिरतायत, आणि ट्रेलर हळूच एका अंगाने घसरला आणि दरडीला टेकला... कर्रर्र! ते चेपलेलं बघताय ना, ते हे. चहूकडे माणूस नाही, झाड नाही, मे महिन्याचं ऊन. मला वाटलं, संपलं. आता नाना जून नाही, उद्याचंच तिकीट मागणार. चाकाखाली टॉवेल घाल, सतरंजी घाल, मी घामाघूम, आणि मागून आवाज आला, अगदी वर्गातला, "एकनाथ! उतर खाली!"

नाना! कोट काढलेला! मार्चनंतर पहिल्यांदा! गाडीला एक चक्कर मारली, जिथे ट्रेलर जोडतात ना, तिथे वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, गाडी उलाळ झालीय." मी म्हटलं, "काय झालीय?" "उलाळ! मामाकडे उसाच्या गाड्या हाकल्यात मी. मागे ओझं जास्त झालं की जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. तुझा बैल उचलला गेलाय बघ, मागचे पाय टेकतच नाहीयेत. ओढणार कसा? वारा म्हणे! काय करतोस रे तू त्या कंपनीत?"

काय करतो मी कंपनीत! चाळीस पानांत जे लिहितो ते यांनी एका शब्दात सांगितलं, आणि माझी पानं इंग्रजीत! मग काय विचारता... "सीमा, तो तबला पुढे! सूनबाई, तांदूळ मध्ये! एकनाथ, पाटा मागून काढ आणि माझ्या उशाशी ठेव!" "नाना, उशाशी?" "मी लागलो तर लागेन!" आम्ही तिघं मुंग्यांसारखे, आणि ते मधोमध उभे, बोट दाखवतायत.

तेवढ्यात धूळ उडवत एक पिकअप आला. म्हातारा गुराखी, सत्तरीचा, हॅट, व्हर्न म्हणून. थांबला. बघतो तर मी छातीशी पाटा धरून उभा. तो म्हणतो, "मिस्टर, यू ब्रॉट अ रॉक? टू ॲरिझोना?" तर नाना पुढे झाले, ताठ, आणि त्यांच्या त्या क्रमिक पुस्तकातल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, इट इज बसाल्ट. फ्रॉम डेक्कन ट्रॅप. व्होल्कॅनिक ओरिजिन." तो म्हातारा चमकला! "वेल, वी गॉट प्लेंटी ऑफ दॅट अप द रोड." की झालं! दोघं ओढ्यात उकिडवे बसले, वाळूत काडीने नकाशे काढले, तास गेला! तीन महिन्यांत नाना एवढं कुणाशी बोलले नव्हते हो! गुरांची गाडी पण उलाळ होते का, हे नानांनी त्याला विचारलं, आणि तो मला म्हणतो, "लिसन टू युवर डॅड, सन." मी पंचेचाळीस वर्षांचा!

मग गाडी सुरू केली... निघाली! एका दमात! उरलेले वीस मैल शेपूट हललं नाही. आणि काठावर पोचलो. कठडा नाही, काही नाही, तीन हजार फूट खाली ती नदी. नानांनी उजवीकडे बोट केलं, तिथे काळा दगड कड्यावरून खाली ओघळून थिजलेला, जुना लाव्हा. त्यांनी पायाशी पडलेल्या तसल्याच एका काळ्या धोंड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एकनाथ, हा तर आपलाच दगड रे." आणि रडले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. नंदा लोणी लावलेली पोळी घेऊन आली, तीसुद्धा रडली. मग नानांनी हातावरच्या कोटाच्या खिशातून तिकीट काढलं, घामाने पार मऊ झालेलं, आणि विचारलं, "ही तारीख पुढे ढकलता येते का रे? चौतीस वर्षं मी ती दरी चुकीची काढत होतो. अजून काय काय चुकलंय, बघायला हवं."

येते की! ढकलली! पण ऐका ना, इथे आल्यावर मी ट्रेलर विकायला काढला, म्हटलं काम झालं. जाहिरात दिली. गेल्या शनिवारी गिऱ्हाईक आलं, चांगला माणूस, चेपलेलं चालेल म्हणाला, मी चावी आणायला आत वळतोय तोवर नाना ड्राइव्हवेत! हात आडवे करून! "नॉट फॉर सेल!" मी म्हटलं, "नाना, अहो..." तर मला म्हणतात, "अलास्का! ज्वालामुखी आहेत तिथे. व्हर्नचं पत्र आलंय, तोही येतोय." मी म्हटलं, "नाना, कॅनडातून हजार मैल कच्चा आहे तो!" तर तिथेच उभ्या असलेल्या गुरुदत्ताकडे बोट दाखवून म्हणतात, "यांनी सांगितलंय मला. रस्ता आहे ना!"

आत नकाशा पसरलाय तो त्याचाच. भिंतीवरचं कॅलेंडरही गेलं, परवा बघितलं तर त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सामान कुठे ठेवायचं त्याची आकृती काढलीय. मी आपला स्प्रिंगा बदलतोय... काय हो, रेखाताई? हे काय आणलंत? अँकोरेजला भाची असते? "जाताच आहात तर..." अहो, पण हा खलबत्ता आहे का? लोखंडी?

...बरं, द्या. द्या इकडे. पण पुढे ठेवा हो, मागे नको!