मनोऱ्यावरची उडी

दुपारी चारला बरबँकमधल्या थिएटरातला एका सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा खेळ सुटला. बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी डार्ला सिनेमात स्टंट करते.

"कथा भिकार. पहिल्या भागात मेलेले सगळे परत जिवंत. पण डार्ला, मनोऱ्यावरून तुझी उडी बघून काटा आला अंगावर."

"ती माझी नाही. मी पहिल्या भागात मारली होती."

"मग ही कुणाची?"

"कॉम्प्युटरची. तेव्हा मला दिवसभर कॅमेऱ्यांच्या मधोमध उभं केलं होतं. मला वाटलं, पोशाखाची मापं घेतायत; ते माझं अंग नि हालचाली कॉम्प्युटरात उतरवून घेत होते."

"आणि ते वापरू द्यायच्या कागदावर सही केलीस?"

"सगळेच करतात गं."

"तिसऱ्या भागात काम आहे का?"

"एक दिवस. दमल्यावर मी कशी चालते, तेवढंच त्यांच्याकडे नाही."

"जाणार आहेस?"

"उद्या सकाळी बोलावलंय. येताना दमून या, म्हणालेत."