उभ्या गाडीचं डिझेल

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय दौलतरावजी साहेब, मुख्याध्यापिका मंजुषाताई, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, माझे सहकारी, समोर बसलेले पालक, आणि मागे खिडक्यांपाशी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माझ्या मुली, सगळ्यांना सुचिता मॅडमचा नमस्कार.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं की निरोप नेमका कुणाला दिला जातो आहे, असा मलाच प्रश्न पडला. आता रीतीप्रमाणे मी डोळे पुसायचे, संस्थेचे गुण गायचे आणि आपण सगळ्यांनी जेवायला उठायचं. पण मंगरूळपीरात उभी हयात विज्ञान शिकवून मी मुकाट्यानं निघून गेले, तर त्या खिडकीपाशी उभ्या पोरी मला काय म्हणतील? तेव्हा थोडं बोलते. बोचलं तर बोचू द्या.

यंदा नववीच्या मुलींनी जिल्हा प्रदर्शनासाठी एक प्रकल्प घेतला. आपल्या शाळेशी संबंध असलेल्या मोटारी वर्षभरात हवेत किती कार्बन सोडतात, त्याचा अंदाज काढायचा. राखी त्यांची पुढारी. हिशेब तसा सरळ आहे. गाडी किती फिरली आणि लिटरमागे किती चालते हे कळलं की तेल किती जळलं ते निघतं. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राखीचे वडील शिवमभाऊ मला विचारायला आले होते, "मॅडम, लिटरभर डिझेल किलोभर भरत नाही, मंग त्याचा धूर अडीच किलो कसा भरन?" प्रश्न रास्त होता. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यातल्या कार्बनला येऊन जोडला जातो, म्हणून वजन वाढतं, असं मी सांगितलं.

मुली घरोघर फिरल्या. "काका, तुमच्या गाडीचं अॅव्हरेज किती?" जो तो छाती फुगवून सांगे, बावीसच्या खाली बातच नाही. आपल्याकडे माणूस एक वेळ वय खरं सांगेल, गाडीचं अॅव्हरेज खरं सांगणार नाही. पोरींनी ते आकडे भाबडेपणानं मांडले आणि आपल्या मोटारी जवळजवळ धूर सोडतच नाहीत असा निष्कर्ष निघाला. चूक राखीनंच पकडली. म्हणाली, "मॅडम, माहे बाबा चौकात बावीस सांगतेत अन् घरी आईजवळ डिझेलच्या नावानं रडतेत." शिवमभाऊ, मान खाली घालू नका, तुम्ही एकटे नाही आहात.

मग ठरलं की तोंडचं अॅव्हरेज घ्यायचं नाही. टाकी काठोकाठ भरायची, गाडी नेहमीसारखी फिरू द्यायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि मधलं अंतर पाहायचं. साहेब, सगळ्यात आधी तुम्ही तुमची गाडी दिलीत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. "माही गाडी सोळाच्या खाली येतच नाही, खुशाल पाहा," असं तुम्ही म्हणालात. गाडी नऊवर आली.

पुढं काय झालं ते इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी पाहिलं आहे आणि कुणी बोलत नाही. साहेबांनी शाळेच्या पटांगणात, पोरींच्या देखत, आपल्या ड्रायव्हरला, सेवालालभाऊंना विचारलं, "डिझेल कुठी इकून राह्यला बे?" ज्या माणसाच्या भरवशावर साहेबांची नातवंडं शाळेत येतात, त्या माणसाला. ते एवढंच म्हणाले, "साहेब, थेंब नाही इकला." महिना संपला की चावी ठेवून जा, असा त्यांना हुकूम झाला. त्या दिवशी राखी माझ्यासमोर रडली. "आपल्या हिशेबापायी त्यायची नोकरी चालली, मॅडम."

रडून हिशेब सुधारत नाही, असं मी तिला सांगितलं. मग या पोरींनी साहेबांच्या गाडीवर पाळत ठेवली. कारंज्याचा सत्कार, इंझोरीचं लग्न, इथलं उद्घाटन. त्यांना दिसलं काय? कार्यक्रम चाले तोवर गाडी मांडवाबाहेर उभी, इंजिन चालू, एसी चालू. सेवालालभाऊंना विचारलं तर म्हणाले, "शाल-श्रीफळ झालं का साहेबाले गार गाडी लागते. बंद केली का बोलणी खातो." आणि साहेबांना महिन्यात कार्यक्रम किती असतात, ते मी सांगायला नको. पोरींनी तशीच एक गाडी जागेवर चालू ठेवून डिझेल मोजलं, साहेबांच्या कार्यक्रमांशी ताडून पाहिलं आणि हरवलेलं सगळं डिझेल सापडलं. प्रकल्पात एक ओळ वाढली: उभ्या गाडीत जळलेलं डिझेल.

साहेबांना ती ओळ खटकली. मला बोलावून म्हणाले, "गाडी हाललीच नाही तं मंग तो प्रवास कायचा? थे ओळ काढा, नाहीतं प्रदर्शनाले जाऊ नका." साहेब, त्याचं उत्तर मी आज देते. चाक फिरलं की नाही, हे हवा विचारत नाही. आणि ओळ काढली तर ते डिझेल जाणार कुठं? ते परत सेवालालभाऊंच्या माथी जाणार. एका माणसाला चोर ठरवून मला माझा प्रकल्प स्वच्छ करायचा नाही.

काय म्हणता, साहेब? "आटपा मॅडम, लोकं उपाशी हायेत." आटपते. राखी, ते पंखे जरा बंद कर. आता सगळ्यांनी कान द्या. बाहेर निंबाखालून इंजिनाचा आवाज येतो आहे ना? दीपप्रज्वलन झालं तेव्हापासून येतो आहे.

प्रकल्पावर विज्ञान विभागप्रमुखाची सही लागते. आज संध्याकाळपर्यंत विभागप्रमुख मी आहे. दुपारी मी सही केली आणि प्रकल्प त्या ओळीसकट वाशिमला रवाना झाला. माझे निवृत्तीचे कागद अडतील, असं मघाशी कुणीतरी माझ्या कानात सांगितलं. अडू द्या. मी रोज कारंज्याहून येऊन ऑफिसच्या दारात बसेन, मला आता वेळच वेळ आहे.

साहेबांनी मला घरी सोडायला आपली गाडी देऊ केली आहे, हा त्यांचा मोठेपणा. पुढच्या महिन्यात तिच्या स्टिअरिंगवर सेवालालभाऊच असतील, तर मी स्वतः फोन करून बसायला येईन. तोवर मला एसटी आहे.

मंजुषाताई, सहकारी, पालक, आणि आचाऱ्यापासून माइकवाल्यापर्यंत ज्यांनी आज राबून हा समारंभ घडवला ते सगळे, तुमचे उपकार मोठे आहेत. पोरींनो, तुमचे सगळ्यात जास्त. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि साहेब, उद्या टाकी कमी दिसली तर सेवालालभाऊंना विचारू नका. ते डिझेल माझं भाषण लांबलं म्हणून जळलं. तेवढ्या चुकीची मी हात जोडून माफी मागते. त्या ओळीची मागणार नाही.