आलो आलो, ठिवू नगं!

...आता मेलेल्या माणसाला फोन लावल्याशिवाय आमच्या उसाला पाणीच मिळंना, त्याला मी काय करू, सांगा! आवो, हसताय काय? आमच्या कन्हेरी गावात येऊन बघा, विहिरीवर!

तुमाला सांगतो, आमचं तात्या, म्हंजी माझा बाप, सावळाराम. फोन लावला की रिंगच्या जागी त्यांचाच आवाज, "आलो आलो, ठिवू नगं!" हौसेनं भरून घेतलावता. चैतात तात्या गेलं. मी म्हणलं, चालू नंबर कशाला वाया घालवायचा? घातलं सिम मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमदी! आता घरनं रिंग दिली की मोटार चालू. पण आधी काय? "आलो आलो, ठिवू नगं!" अन् मग तिकडं विहिरीवर घर्रर्र... भर उन्हात अंगावर काटा येतो, आईशप्पत!

बरं, हितवर ठीक हाय. पण आठ दिस झालं, रोज दुपारी बरोब्बर एकला मोटार आपोआप चालू! ऊस पाण्यात, मुळ्या कुजाय लागल्या! आमची राजलक्ष्मी म्हणती, "आवो, मामंजींचा जीव अडकलाय, नारळ फोडा!" फोडला. दुसऱ्या दिशी मी स्टार्टरम्होरं बसून ऱ्हायलो. एक वाजला... खट्ट! घर्रर्र! चप्पल तितंच टाकून घराकडं पळालो की!

बघतो तर काय, चंद्राबाई, म्हंजी आमची आई, दोन ताटं वाढून बसलीय, फोन कानाला! मला म्हणती, "गप! तुजं तात्या येत्यात म्हणलं... ही बघ, मोटार चालू केली त्यास्नी. येळ लागंल त्यास्नी." अन् जेवाय बसली निवांत!

बारामतीवरनं नवं सिम आणून घातलं, तात्यांचं काढून ठिवलं. झालं! दुपारी आई कडाडली, "आरं, तुझ्या बापाच्या फोनवर ती कोण बाई बोलती रं? बंद हाय म्हणती!" ताटाला हात लावला न्हाय. दुसऱ्या दिशी बी न्हाय. तिसऱ्या दिशी उठंना म्हातारी! तसाच पळालो, पयलं सिम परत घातलं. एकला म्हातारीनं फोन लावला... "आलो आलो, ठिवू नगं!" अन् भाकर मोडली बघा तिनं.

आता रोज ती मोटार चालू करती, मी पळत जाऊन बंद करतो. ऊस निम्मा पिवळा पडलाय. चिडू कुणावर?

अन् खरं सांगू? परवा पाण्याचं काय काम नसताना म्या बी लावला फोन. "आलो आलो, ठिवू नगं!" ...न्हाय ठिववला, राव. ऊस पुन्ना पाण्यात!