पन्हाळ्याच्या घाटात पाय टेकला

कृष्णात : तू हो की पुढं!

तोहिद : तूच हो. गेल्या साली अख्खा घाट माझ्या पाठीमागं दडून चढलास. समोरचं वारं मी अंगावर घेतलं, कप तू नेलास.

कृष्णात : सायकल शर्यतीत असंच असतंय.

गणपतराव : अरं पोरांनो, मी पंच हाय ह्या शर्यतीचा! तुमच्या मागं हळू चालवून माझी मोटारसायकल बंद पडायला लागलीय. पळवा की!

तोहिद : ह्याला सांगा, पंच.

कृष्णात : मीच पुढं व्हायचं, असा नियम हाय व्हय?

गणपतराव : बाकीची पोरं पार खाली वाघबीळच्या फाट्यापाशी राहिल्यात. आन् हितं गवताचा भारा घेतलेली म्हातारी तुम्हास्नी मागं टाकून गेली! ‘ढकलू का लेकरांनो’ म्हणत हुती!

तोहिद : जाऊ दे. ती काय शर्यतीत न्हाई.

कृष्णात : हे बघ, मी पाय टेकला.

तोहिद : मी बी टेकला.

गणपतराव : पैल्या नंबरावर हुबं राहून काय करताय रं?

तोहिद : पंच, दोन वर्सं एका खोलीत राहिलो आम्ही. जिंकल्यावर साधा फोन न्हाई ह्याचा.

कृष्णात : आन् तू माझ्या लग्नाला आलास?

तोहिद : आलतो.

कृष्णात : कवा?

तोहिद : तू फोटो काढून घेत हुतास. जेवलो आन् गेलो.

कृष्णात : भेटायचं न्हाई व्हय?

तोहिद : रागात हुतो.

कृष्णात : रागात जेवलास?

तोहिद : राग तुझ्यावर हुता. आचाऱ्यावर न्हवता.

गणपतराव : आली रं मागची पोरं! चढा सायकलीवर! अरं चढा... गेली! सगळी गेली! बसा आता लग्नाचं बोलत. मी चाललो त्यांच्यामागं.

(मोटारसायकलचा आवाज वळणापल्याड जातो.)

कृष्णात : गेला पैला नंबर.

तोहिद : दुसरा बी गेला.

कृष्णात : गेल्या साली वर पोचलो आन् मागं वळून बघितलं. तू घाट उतरून गेलतास.

तोहिद : थांबून काय करू? टाळ्या वाजवू?

कृष्णात : जोडीनं उतरलो असतो.

तोहिद : ...चल. वर तर जाऊ.

कृष्णात : आता कोण मागं, कोण पुढं?

तोहिद : कुणीच न्हाई. बाजूबाजूनं जाऊ.

कृष्णात : रस्ता अरुंद हाय.

तोहिद : मग जरा सरक की.