शेंदराखालचं नाव

बाबांच्या तेरवीचं सामान घेऊन मी वर्ध्याच्या बसस्थानकावर बसले होते. शेजारच्या बाकावर एकमेकांना वहिनी, भाऊजी म्हणणारी दोन म्हातारी माणसं होती.

"भाऊजी, आपल्या देवाचा शेंदूर काऊन खरडून राह्यले ते?"

"वहिनी, तो देव नाई. लढाईत मेलेल्या शिपायाचा दगड हाय. तेला-शेंदरानं खराब होऊन राह्यला, म्हणून दुरुस्ती चालली."

"मंग माहा पोरगा अंकुश कोणाच्या नवसाचा?"

"मले काय विचारता? नवस तुमीच बोलल्या."

"मस्करी नका करू. शिपाई कोण व्हता?"

"सोमाजी. आमच्या आजीचा मोठा पोरगा. इंग्रजांच्या फौजेत गेलता, तिकडंच मेला."

"म्हंजे लग्न होऊन आली तवापासून मी घरातल्याच माणसाले देव म्हणून पुजून राह्यली? कोणी सांगतलं काऊन नाई?"

"आजीनंच पयला शेंदूर लावलता."

"पोराच्या दगडाले?"

"तिले वाचता येत नव्हतं. पण येणारा-जाणारा तिच्यासमोर ते नाव मोठ्यानं वाचे, ते तिले सोसत नसे. देव झाल्यावर कोणी वाचलं नाई."

बस लागली. दोघंही उठली नाहीत. मीही उठले नाही.

"मंग या पिशवीतला नारळ मी आता कोणापुढं फोडू?"

"मले बी समजत नाई, वहिनी."

"आता नाव दिसते?"

"पुरं दिसते. फोटो हाय माह्या मोबाइलात. वाचून दाखवू?"

"फोटो दाखवा. वाचू नका."