मेंढीला जागा

विट्याच्या एसटी स्टँडवर, बाकड्यावरच सोयरीक चालली होती. मुलीचे, म्हणजे सृष्टीचे आईबाप हरणाबाई आणि नानासो. समोर मुलाकडून बिरदेव, दिल्लीत सोनं गाळायचं दुकान टाकलेल्या विश्वजितचा मामा. मी मुद्दाम ऐकत होतो. सभ्यपणा मला कुणी शिकवलेला नाही.

"आमचा तितला जिल्हा आपल्या तालुक्यापेक्षा ल्हान, नानासो. पर माणसं चौपट!"

"मग त्याला जिल्हा कशाला म्हणायचं?"

"कलेक्टर हाय की!"

"असूं दे. आमच्यात लेकीला पाठवणीत मेंढी देत्यात. ती बांधणार कुठं?"

"गच्चीवर."

"गच्चीवर कोण ऱ्हातंय?"

"तीन भाडेकरू. पर जिन्यात जागा हाय."

"जिन्यात?"

"व्हय, मालकाची स्कूटर बाहीर काढली की."

"आन् आमची सृष्टी?"

"दुकानावर माळा हाय. झ्याक हाय, निसतं वाकून चालायचं."

हरणाबाईंनी पदर खोचला.

"आवं पावणं, माझी लेक वाकून चालायची न्हाई. सोयरीक मोडू नगा, पोरगंच हिकडं धाडा. आमच्या कळपात एक वाढलं तर कळायचं बी न्हाई."